इंडिकेटरच्या बल्बला जुळवलेला ॲम्प्लिफायर

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी अर्ध्या वॅटचा ट्रान्समीटर बांधला आणि त्याच्यापुढे पाच वॅटचा पॉवर ॲम्प्लिफायर जोडला. आमच्या सरांकडे हौशी रेडिओचं लायसन्स होतं. त्यांनी सांगून ठेवलं होतं, ज्याचा सिग्नल नगरहून खर्ड्याला त्यांच्या मित्राला आधी ऐकू जाईल, त्याची शिफारस ते लॅबमधल्या नोकरीसाठी करतील. देवळाली प्रवराच्या आमच्या घरातला मी पहिला पदवीधर होणार होतो. ती नोकरी मला हवीच होती.

चाचणीला अँटेनाऐवजी मोटारसायकलच्या इंडिकेटरचा बल्ब लावायचा, ही लॅबची जुनी रीत. बल्ब लख्ख पेटेपर्यंत मी कॉइलचे वेढे कमीजास्त केले. मग अँटेना जोडली. ट्रान्झिस्टर इतका तापला की बोट लावता येईना, आणि खर्ड्याहून फोन आला, "न्हाई बुवा, काईच न्हाई."

शेजारच्या टेबलावर तसाच ट्रान्समीटर बांधणारी बेलापूरची एक वर्गमैत्रीण होती. तिच्या वडिलांचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान.

"बल्ब तापला की त्याचा रेझिस्टन्स कितीतरी पट वाढतो," ती म्हणाली. "तू ॲम्प्लिफायर बल्बला जुळवलायस. अँटेना पन्नास ओहमची आहे. मग पॉवर जाणार कुठं?"

"हे कुणी सांगितलं?"

"पप्पांनी."

"मग पप्पांनाच आण शिकवायला."

"आणते की. खुर्ची देशील ना?"

तिनं बल्बऐवजी लावायला पन्नास ओहमचा रेझिस्टर पुढे केला, वडिलांनी घरी जोडून दिलेला. मी नको म्हणालो. हे ओहम जुळवण्याचं, म्हणजे इम्पीडन्स मॅचिंगचं सूत्र मला तोंडपाठ होतं, त्यावर पैकीच्या पैकी मार्कही मिळाले होते. पण तिच्याकडे या गोष्टी जेवताना बोलल्या जात होत्या. आमच्याकडे जेवताना कारखान्याकडून उसाला तोड कधी मिळणार, एवढाच विषय. दोन दिवस मी वहीत आकडे मांडत बसलो. दुसऱ्या दिवशी खर्ड्यानं तिला उत्तर दिलं.

तिसऱ्या दिवशी मी तो रेझिस्टर मागून घेतला. त्यावर जुळवताना कॉइलचे दोनच वेढे काढावे लागले. माझाही आवाज पोचला. सरांनी पाठ थोपटली, पण शिफारस आदल्या दिवशीच तिची झाली होती.

रेझिस्टर परत देताना मी तिचे मनापासून आभार मानले.

"राहू दे तुझ्याकडे," ती म्हणाली. "पप्पा दुसरा करून देतील."

नोकरी हुकल्यापेक्षा ते वाक्य मला जास्त लागलं.