नऊ चालतात

सरांनी खिशातला रुमाल काढला, नळाखाली ओला केला आणि मी नुकताच हात लावलेला माऊस पुसला. वायरसकट. नववीचा अख्खा वर्ग बघत होता.

"तुझ्या मायीनं या शाळंत झाडू मारला," सर म्हणाले. "तू पन तेवढंच कर. मशीन मी बघतो."

दोन-चार पोरं हसली. मागच्या बाकावर आमच्या वस्तीतल्या पोरी होत्या. त्यांनी माना खाली घातल्या. हसण्यापेक्षा ते जास्त लागलं.

मी परभणीला कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेला. सेलू तालुक्यातल्या या शाळेत लॅब सांभाळायला कंत्राटावर लागले होते. सर कॉम्प्युटर शिकवायचे. संस्थेच्या अध्यक्षांचे भाचे. मी खोली उघडायची, धूळ पुसायची, कुलूप लावायचं. स्क्रूड्रायव्हर हातात घेतला की सर म्हणायचे, "ठेव ते." मी ठेवायची. वर्षभर ठेवत आले.

मग एका सोमवारी सरांनी ऑफिसात बोलावलं. टेबलावर कंडम मालाची यादी. अकरा कॉम्प्युटर, प्रत्येकापुढं एकच शेरा : निकामी. खाली 'तपासणी करणार' म्हणून माझं नाव छापलेलं.

"जुन्या मशीनवर नवीन विंडोज चालत न्हाई. कर सही."

"नवीन मशीन कधी येनार, सर?"

"येतील. आधी परभणीच्या शाखेत बसवायलेत."

म्हणजे इथं रिकामी खोली. आणि पोरींनी उद्या विचारलं तर कागदावर माझं नाव.

"मी तपासलं न्हाई अजून."

सर हसले. "तू तपासनार? उद्या चारला सही पायजे."

संध्याकाळी माय म्हणाली, "कर की बाई सही. आपलं कोन हाय तिथं?" मी ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी सर परभणीला गेलेले. मी लॅबमध्ये शिरले आणि आतून कडी लावली. कुणी बघितलं तर चोरी म्हणतील. मग एकदम माझाच राग आला. मी काय चोरी करायलेय? कडी काढली. दार सताड उघडं टाकलं.

एकेक मशीनचा डबा खोलला. प्रोसेसर कोणता, रॅम किती, डिस्क धड आहे का, सगळं वहीत उतरवलं. सरांचं एक खरं होतं. नवीन विंडोज एकावरही बसणार नव्हतं. पण जगात तेवढी एकच सिस्टीम नाही. फुकट मिळणारी हलकी लिनक्स मी पेनड्राइव्हवर आणली होती. डिस्कवर काही न बसवता ती चालवून बघता येते.

पहिलं मशीन. काळा स्क्रीन. नुसती शिट्टी वाजली. रॅमची पट्टी काढली, तिचे पितळी दात खोडरबरानं घासले, परत दाबून बसवली. बटण दाबलं. पंखा घरघरला. स्क्रीन उजळला. मी मराठीत माझं नाव टाइप केलं आणि बघत राहिले.

दोन मशीनचे बोर्ड मेलेले. त्यांची रॅम काढून दोन मंद मशीनला लावली, ती पळायला लागली. नऊ चालतात. दोन खरंच निकामी. तेही लिहून कोऱ्या कागदावर अहवाल केला. त्याखाली सही केली. एक प्रत क्लार्ककडं देऊन आवक नंबर घेतला.

चारला दहा कमी असताना सर दारात.

"कुनाला इचारून खोललंस?"

"मशीनलाच इचारलं, सर."

सरांनी माझा कागद घेतला, वाचला, उभा फाडला.

"उद्यापासून येऊ नको."

"एक प्रत क्लार्ककडं हाय, आवक नंबर पडलाय तिला," मी म्हणाले. आणि पेनड्राइव्ह काढून घेतला.

नोकरी गेली. मशीन कुलपात आहेत. संस्थेचा माणूस दोनदा घरी येऊन गेला. आधीच्या यादीवर सही दे, परत कामावर घेतो म्हणाला. माय आत रडत होती. मी उंबऱ्यावर उभी राहून सांगितलं, नऊ चालतात.

यादी आणि माझा अहवाल जुळत नाही म्हणून परवा शिक्षण खात्याच्या ऑफिसात बोलावलंय. सर असतील, अध्यक्ष असतील. तिथंही हेच सांगणार. अकराही मशीन मागवा म्हणणार, तुमच्यासमोर सुरू करते. कुणी म्हणालं हात लावू नको, तर हात लावीन.