झेंडे पिशवीत ठेव

ही गोष्ट सांगायची मी चार-पाच वर्षं टाळली. निवृत्तीच्या समारंभात सगळे म्हणाले, एखादा अनुभव सांगा, तेव्हा मी खचलेल्या भरावाची गोष्ट सांगितली. तीत माझं काही चुकलं नव्हतं. मोहन्याजवळच्या पुलाची गोष्ट समोर बसलेल्या सगळ्यांना ठाऊक होती, पण अर्धी. उरलेली अर्धी दोनच माणसांना माहीत आहे आणि त्यातला दुसरा ती कधी सांगणार नाही.

सुरुवात एका फोनने झाली. आमचे असिस्टंट इंजिनिअर, वयाने माझ्याहून बरेच लहान, सकाळीच तापले होते.

"पाटणकर, मोबाइल बघा. तुमचा माणूस पुलावर ॲक्टिंग करतोय."

मी रेल्वेत पी-वे खात्यात होतो. पी-वे म्हणजे रूळ, स्लीपर, खडी, पूल. गाडी ज्याच्यावरून जाते ते सगळं. कल्याणच्या पुढचा एक तुकडा माझ्याकडे होता आणि त्यात नदीवरचा एक जुना लोखंडी पूल होता.

मी रील पाहिलं. पुलाच्या कडेला थोड्या थोड्या अंतरावर लोखंडी मचाणं असतात. आम्ही त्यांना रिफ्यूज म्हणतो. गाडी आली की काम करणारा माणूस तिथे सरकून उभा राहतो. रीलमध्ये नारिंगी जॅकेट घातलेला एक जण त्या मचाणावर उभा होता. समोरून एक्सप्रेस येत होती. त्याने एक हात वर केला. हा आमच्या लोकांचा रोजचा रिवाज. त्याचा अर्थ, मी तुम्हाला पाहिलंय, बाजूला आहे, या. ड्रायव्हरने शिट्टी दिली, खिडकीतून स्वतःही हात वर केला आणि गाडी तशीच धडधडत गेली. त्या माणसाचं नाक आणि डबे यांच्यात हातभर जागा असेल. रीलला गाणं लावलं होतं.

"साहेब, हा आपला नाही," मी म्हणालो. "बूट बघा."

बूट पांढरेशुभ्र होते. आमच्या माणसाचे बूट पहिल्याच दिवशी काळे होतात.

"मग पकडा. लाइक मिळालेत, परत येणारच. पण रंगेहाथ पकडा. लांबून कुणी दिसलं की पळतात म्हणे."

त्या हद्दीचा कीमन होता काशिनाथ. कीमन म्हणजे ठरलेल्या अंतरातला रूळ रोज पायी चालून तपासणारा माणूस. सैल झालेलं ठोकायचं, तडा दिसला तर गाडी थांबवायची. खांद्यावर पिशवी, त्यात हातोडी आणि पाना, हातात लाल आणि हिरवा झेंडा. झेंड्यांशिवाय हद्दीत पाऊल टाकायचं नाही, हा त्याचा पहिला नियम.

काशिनाथ मोहन्याचाच, तिथल्या जुन्या शेतकरी घरातला. भावांनी जमिनी बिल्डरांना दिल्या, दारात गाड्या उभ्या केल्या. हा मात्र रोज रूळ चालायचा. भाऊ चिडवायचे, "अरे, आता तरी ती हातोडी सोड." हा म्हणायचा, "तुमची जमीन गेली. माजी हद हाय अजून."

दोन दिवसांनी आम्ही दोघं आंबिवलीच्या बाजूने पुलाकडे निघालो. रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगच्या खोलीपाशी आलो तेव्हा पुलाच्या मध्यावर दोन पोरं दिसली. एक नारिंगी जॅकेटमध्ये, दुसरा मोबाइल धरून.

मी म्हणालो, "काशिनाथ, झेंडे पिशवीत ठेव. लाल दिसलं की पळतील. आणि पिशवी इथेच अडकव, हातोडी वाजते. जॅकेटही काढ."

तो थांबला. "झेंडं हातानच बरं, साहेब."

"पाच मिनिटांचं काम आहे रे. ठेव."

त्याने पिशवी खोलीच्या दाराला अडकवली, वर जॅकेट टाकलं. मीही जॅकेट काढलं. साध्या शर्टातली दोन माणसं, गावातून फिरायला निघाल्यासारखी, आम्ही रुळाच्या कडेने चालू लागलो. पोरांनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पुलावर खडी नसते. स्लीपरांच्या फटींतून खाली पाणी दिसतं. रुळांच्या आतल्या बाजूला आणखी एक जोडी रूळ असते, गाडी घसरलीच तर नदीत जाऊ नये म्हणून. नारिंगी जॅकेटवाला या वेळी मचाणावर थांबला नव्हता. तो रुळांच्या मध्ये उतरला होता. शेवटच्या क्षणी उडी मारायची, असा बेत असणार. त्याचा पाय त्या दोन रुळांच्या फटीत गेला आणि बूट अडकला. तो हसत होता. मग हसायचा थांबला.

त्याच वेळी आमच्या पाठीमागे रूळ वाजू लागला. नाशिककडून एक्सप्रेस येत होती, त्याच लाइनवर.

मी पोराकडे धावलो. काशिनाथ उलटा फिरला आणि गाडीकडे धावला. वळणाच्या पुढे, जिथून ड्रायव्हरला तो दिसेल, तिथे रुळांच्या बरोबर मध्ये उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात डोक्यावर सरळ वर केले.

झेंडा नसेल तेव्हा थांबण्याची खूण हीच. पुस्तकात असते. मी इतक्या वर्षांच्या नोकरीत ती कुणी करताना पाहिली नव्हती. कारण ती करायला गाडीच्या समोर उभं राहावं लागतं.

ड्रायव्हरला काय दिसलं असेल? साध्या शर्टातला एक माणूस रुळात आणि मागे पुलावर नारिंगी जॅकेट. जॅकेट म्हणजे आपला माणूस, सगळं ठीक. शर्टवाला म्हणजे रीलवाला, तो सरकेल. त्याने लांब शिट्टी दिली. काशिनाथ हलला नाही. पुन्हा शिट्टी. मी मागे वळून पाहिलं. त्या इंजिनासमोर तो एवढासा दिसत होता, पण हात जराही वाकले नव्हते. मी पोराकडे धावायचं विसरलो. खरं सांगतो, विसरलो. आयुष्यात मी मोठमोठे पूल पाहिले, क्रेनने उचललेले गर्डर पाहिले. त्या दोन हातांइतकं मोठं काही पाहिलेलं नाही.

मग ब्रेकचा तो किंचाळणारा आवाज आला. आवाज आल्यावरच काशिनाथने बाजूला उडी टाकली. आधी नाही.

इंजिन माझ्याजवळून घासत पुलावर आलं आणि पोराच्या अलीकडे एका डब्याच्या अंतरावर थांबलं. काशिनाथ कपडे न झटकता पुढे गेला, वाकला आणि म्हणाला, "लेस सोड रं पहिली." लेस सुटली, पाय बाहेर आला, बूट तिथेच राहिला. पोरगं स्लीपरवर बसून रडायला लागलं. मोबाइलवाला स्क्रीन पुढे करत म्हणाला, "काका, तुमचा शॉट आलाय. एकदम भारी."

ड्रायव्हर खाली उतरला. शिव्या देऊन झाल्यावर त्याने काशिनाथला विचारलं, "तू कोण?"

"कीमन."

"मला वाटलंच. रीलवाला हात हलवतो. तू हलवत नव्हतास." मग त्याने काशिनाथच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. "पण झेंडा कुठाय तुझा?"

काशिनाथ फटीतला बूट काढायला वाकला. मी घड्याळात वेळ बघितली.

एक्सप्रेस पुलावर थांबली म्हणजे चौकशी आलीच. त्याआधी तो व्हिडिओ सगळीकडे फिरला. काशिनाथचं नाव सेफ्टी अवॉर्डसाठी जाणार अशी चर्चा होती. पण चौकशीला बसलेल्या साहेबांनी तोच प्रश्न विचारला. कीमन ड्यूटीवर, झेंडे कुठे?

मी तोंड उघडलं असतं की नाही, मला सांगता येत नाही. काशिनाथने ती वेळच येऊ दिली नाही.

"इसरलो, साहेब. खोलीवर ऱ्हायलं."

साहेब माझ्याकडे वळले. "पाटणकर, तुम्ही बरोबर होतात. तुमच्या लक्षात नाही आलं?"

निवृत्तीला मला काही महिने उरले होते. मी म्हणालो, "नाही, साहेब."

अवॉर्ड गेलं. त्याला कीमनच्या कामावरून काढून गँगमध्ये टाकलं. गँगमध्ये सगळे मिळून खडी ओढतात, कुणाची स्वतःची हद्द नसते. बाहेर आल्यावर मी विचारलं, "असं का केलंस?" तो म्हणाला, "तुमचं थोडंच दिवस ऱ्हायलेत. मना काय, रूळ तेच." त्याची हद्द दुसऱ्याकडे गेली. पुढे कुणीतरी सांगितलं, तो सुटीच्या दिवशी तिथे जाऊन लांबून बघत उभा असतो.

नव्या मुलांना मी तेव्हा सांगायला हवं होतं ते आता लिहितो. झेंडा खाली ठेव असं सांगणारा कितीही मोठा साहेब असो, ठेवायचा नाही.

गेल्या महिन्यात मी ठाण्याहून मुद्दाम मोहन्याला गेलो. काशिनाथ आता निवृत्त आहे, भावाच्या बंगल्याच्या ओट्यावर बसलेला होता. वाक्य मी रिक्षात घोकून ठेवलं होतं. आजूबाजूला त्याची सुना-नातवंडं होती. त्याने सगळ्यांना सांगितलं, "हे आमचे साहेब." मी म्हणालो, "काशिनाथ, त्या दिवशी ते झेंडे, मीच तुला..."

त्याने माझ्याकडे पाहिलं. चौकशीत साहेबांकडे पाहिलं होतं, अगदी तसंच.

"कंचे झेंडे, साहेब? मी इसरलो व्हतो ना." आणि आत हाक मारली, "अगं, साहेबांना चहा आण."

चहा आला. मी तो प्यायलो. पुढचं वाक्य कपाबरोबर खाली ठेवलं आणि उठलो.