निलेशच्या पुढचा पत्ता

या सदरातले किस्से मी डबा खाताना वाचते, आणि खरं सांगायचं तर हसायला वाचते. विहिरीवरची बाई, पिंपळाखालचा म्हातारा... ऑफिसात कुणी असलं काही सुरू केलं की मी विचारते, "लॉग आहे का? नाही ना? मग जेवा." आज मीच लिहायला बसलेय, आणि लॉग, म्हणजे यंत्राने स्वतः ठेवलेली नोंद, माझ्याकडेही नाही.

मी जळगावला असते. केळी पिकवायच्या चेंबरचे कंट्रोलर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत प्रोग्रॅम लिहिते. धाकटा भाऊ निलेश हेच काम धुळ्यात करायचा, ठिबकच्या कंट्रोलरसाठी. आबा, म्हणजे आमचे वडील, गेल्यावर धुळ्याच्या देवपुरातल्या घरात तो आणि आई दोघंच उरले. मग आई विसरायला लागली. आधी गॅस, मग वार, मग माणसं.

निलेशने तिच्यासाठी एक डबी बनवली. वर एकच मोठं लाल बटण. दाबलं की एक माणूस आपण कोण ते सांगायचा, परत दाबलं की पुढचा. पाचोऱ्याची मावशी, बोदवडचे मामा, शेजारच्या अक्का, मग निलेश, मग मी, आणि फिरून मावशी. आईशी आम्ही अहिराणीत बोलतो, त्यामुळे निलेशचं वाक्य असं होतं — "माय, मी निलेश, तुना पोऱ्या. कामवर जायेल शे. संध्याकायले येसू." आई दिवसभर ते ऐकायची आणि निवांत असायची.

आबांचाही आवाज डबीतल्या मेमरी कार्डात होता, त्यांच्या एका जुन्या व्हॉइस मेसेजमधला. "ऐकस का, चहा ठेव, मी उनू." आलोच, म्हणून. पण तो निलेशने कुणाच्याच पुढे जोडला नव्हता. म्हणाला, "ताई, ती खरंच चहा ठेवील गं, आणि वाट बघत बसेल."

आता थोडं कामाचं, नाहीतर पुढचं कळणार नाही. डबीच्या मेमरीत प्रत्येक माणसाची एक नोंद असते, आणि तिच्यात पुढचा माणूस मेमरीत कुठे बसलाय त्याचा पत्ता. याला आम्ही पॉइंटर म्हणतो. हा पत्ता डबी चालू आहे तोवरच खरा. बंद करून चालू केली की कोण कुठे बसेल याचा भरवसा नाही. म्हणून कार्डावर पत्ता लिहायचा नसतो. प्रत्येकाला क्रमांक द्यायचा, "याच्या पुढे तिसरा" असं लिहायचं, आणि वाचताना कोण कुठे बसलं ते बघून पत्ते नव्याने भरायचे. निलेश मात्र सरळ पत्तेच कार्डावर ओतायचा. यावरून मी त्याला किती झापलंय... तो म्हणायचा, "बॅटरी आहे ना तिला? डबी बंदच कुठे होणारे?" आणि खरंच, तो होता तोवर ती बंद झाली नाही.

निलेश गेला. जळगावहून परतताना, पारोळ्याच्या अलीकडे, हायवेवर. आईला सांगितलं. ती ऊर बडवून रडली. आणि दिवेलागणीला तिने विचारलं, "निलेश जेवना का?" परत सांगितलं. परत तशीच रडली, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी. आणखी एकदा सांगायची ताकद माझ्यात नव्हती. अक्का आणि मी ठरवलं, आता सांगायचं नाही. डबी सांगतच होती, संध्याकाळी येतो म्हणून. माझा भाऊ गेला आणि मी आईसमोर हसत होते.

उन्हाळ्यात व्होल्टेज वाढलं आणि डबीचा बोर्ड जळाला. कार्ड तेवढं वाचलं. मी सुट्टीला यायचे, एरवी आईजवळ अक्का राहायच्या; त्यांना ती दिवसभर विचारायची, "मना पोऱ्या कोठे शे?" तसला बोर्ड कुठे मिळेना, म्हणून मी जळगावहून वेगळ्याच बनावटीचा आणला. त्याची मेमरी वेगळी, पत्ते सुरू होतात तेच वेगळ्या ठिकाणाहून. रविवारी दुपारी निलेशचा प्रोग्रॅम जसाच्या तसा त्यावर चढवला, फक्त कार्ड ओळखतंय का ते बघायला. जोडण्या मी नंतर नीट करणार होते. तोवर बटण दाबलं तर डबी हँग होणार, याबद्दल मला शंका नव्हती. ती आईच्या पलंगावर ठेवून मी चार्जर आणायला आत गेले.

आतून मला मावशीचा आवाज आला. मग मामांचा. मग अक्कांचा... खऱ्या अक्का तिथेच गवार निवडत बसल्या होत्या. मी दारात येऊन थांबले. जुने पत्ते, नवी मेमरी, आणि एकेक जण बरोबर येतोय. मग निलेश. "संध्याकायले येसू." आईने परत बटण दाबलं. आता माझा आवाज यायला हवा होता.

"ऐकस का, चहा ठेव, मी उनू."

अक्कांचे हात थांबले. आईने पुन्हा दाबलं. पुढे काहीच नाही.

मला वाटलं, आता ती चहा ठेवायला उठेल. ती उठली नाही. डबी मांडीवर घेतली. मग माझ्याकडे बघून साध्या आवाजात म्हणाली, "निलेश आबाजोडे गया ना?"

आबांजवळ गेला ना, असं विचारत होती ती. अक्काच म्हणाल्या, "हा वैनी. गया."

"माले कोनी सांगं नही," आई म्हणाली. मी तिच्या मांडीत डोकं खुपसून रडले. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती, मी लहान असताना फिरवायची तसा.

नंतर सवयीने कार्ड उघडून बघितलं. निलेशच्या पुढे माझाच जुना पत्ता होता. आबांकडे नेणारा पत्ता एकाही नोंदीत नव्हता. तेच कार्ड, तोच बोर्ड घेऊन परत बटण दाबलं, तर पहिल्याच दाबाला हँग. व्हायला हवी तशीच. ऑफिसात सगळे योगायोग म्हणतात. एखादा पत्ता योगायोगाने जुळेल हो. पण बाकी सगळे जुळावेत, एकच वेगळीकडे जावा, आणि तो नेमका आबांकडे?

दुसरं म्हणजे आई. सकाळी काय खाल्लं ते तिला आठवत नाही, मला कधीकधी ती मावशी समजते. पण निलेश कुठे आहे, हे तिने त्या दुपारपासून एकदाही विचारलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. होत असेल.

डबी मी क्रमांक घालून नीट केली. निलेशच्या पुढे कुणाचा क्रमांक, इथे मात्र अडले. स्वतःला मी मावशीच्या आधी सरकवलं, आणि निलेशच्या पुढे आबांचा घातला. आबांच्या पुढची जागा रिकामी ठेवलीय.

परवा आई तिथपर्यंत आली, पुन्हा बटण दाबलं, आवाज आला नाही. मग मला विचारलं, "आबाना मांगे कोन शे?"

"कोनी नही, माय," म्हटलं, आणि चहा ठेवायला आत गेले.