वरातीतले पाहुणे

हिंजवडीत नोकरी करता करता मी माझा पहिला रॉक अल्बम केला. गिटार माझी, चाली माझ्या. पाहुणे वादक मात्र बरेच. त्यातले एक काका लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. माझ्याच वरातीत त्यांना पहिल्यांदा ऐकलं होतं.

स्टुडिओत काका वाजवायला लागले की चालायलाही लागायचे. आवाज माइकपासून लांब जायचा, परत यायचा. रेकॉर्डिस्ट वैतागला.

"काका, एका जागी उभे राहा ना!"

"एका जागी? मग वरात पुढं जायची कशी?"

बिचारे उभे राहिले, पण वाजवण्यातली सगळी मजाच गेली. शेवटी मी चिडून म्हणालो, "फिरू द्या त्यांना. माइक वाढवा." मग खोलीभर माइक लावले.

अल्बमवर नाव माझं एकट्याचं आहे, याची आता जरा लाजच वाटते. कंपनीच्या बसमध्ये हेडफोन लावून ते गाणं ऐकतो, तेव्हा माझ्या गिटारच्या गोंगाटातून काका डाव्या कानाशी येतात आणि वाजवत वाजवत उजवीकडे निघून जातात.

दर वेळी मी सीटवर थोडा सरकून त्यांना वाट देतो.