पोर उचलण्याची लाज

आमच्या लासुर्ण्याच्या घरात एक रीत होती. वडीलधारी माणसं समोर असताना बापानं स्वतःचं पोर उचलायचं नाही. उचललं तर तो निर्लज्ज. चुलत्यानं पुतण्याला खांद्यावर घेऊन गावभर हिंडावं, त्याला हरकत नव्हती. लहानपणी मी बैलगाडीवरून पडलो, तेव्हा धावत आला तो चुलता. वडील बैलांचा कासरा धरून उभेच राहिले, कारण आजोबा बांधावर होते.

पुढं मला वालचंदनगरला कंपनीत नोकरी लागली, क्वार्टर मिळालं, मुलगी झाली. तिला मी कधी उचललं नाही, आणि विचारणाऱ्याला ही रीत सांगत आलो. ते खोटं आहे. क्वार्टरमध्ये आम्ही तिघंच होतो. बघायला वडीलधारं कोणी नव्हतं. सुट्टीचा भोंगा झाला की ती फाटकात येऊन दोन्ही हात वर करायची आणि मी त्या हातांत जेवणाचा रिकामा डबा द्यायचो. बायको म्हणायची, "अहो, ती डबा मागत नाही." मला ते कळत होतं. पण पोर छातीशी धरायचं म्हटलं की माझं अंग आखडायचं. पुढं पुढं ती एकच हात पुढं करू लागली, डब्यासाठी. मला सुटल्यासारखं वाटलं, हे लिहितानाही लाज वाटते.

ती आता बारामतीत नोकरी करते. जावई सांगवीचे, ऊस करतात. परवा तिचं पोटाचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात ती डोळे मिटून पडली होती आणि जावई माझ्याशी हळू आवाजात बोलत होते.

"मामा, ऑपरेशनचं आदल्या दिशी सांगितलं हिनं मला. ते बी बॅग भरताना. मी काय परका हाय का? हिला माझी गरजच न्हाय. मग मी कशाला ऱ्हायचं हिच्यासंगं?"

ते चिडले नव्हते, म्हणूनच मला भीती वाटली. 'लहानपणापासून स्वाभिमानी आहे' हे माझं ठरलेलं उत्तर तोंडाशी आलं होतं. लग्नाच्या बैठकीतही मी तेच सांगितलं होतं, तेही कौतुकानं.

"पाव्हणं, ती अशी नव्हती," मी म्हणालो. "मागत होती. मी दिलं नाही, म्हणून मागायचं सोडलं तिनं." आणि फाटकातली सगळी गोष्ट सांगून टाकली.

 मुलगी झोपली नव्हती, सगळं ऐकत होती. ती कोपरावर भार देऊन उठू लागली. टाके ओढले असावेत, चेहरा कसनुसा झाला. मी खुर्चीतून उठलो.

"मी धरू का?"

"तुम्हाला जमायचं नाही, तात्या."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मग नवऱ्याकडं न बघताच ती म्हणाली, "अहो, मला जरा उठवता का?"

जावई पुढं झाले, पण माझ्यासमोर बायकोला हात लावायचा म्हणून घुटमळले. मी खोलीबाहेर गेलो आणि दार ओढून घेतलं.