वरातीत वाजलेली हाक

सटवांच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, मेंढरे बोलावण्याची एक हाक आपल्या दोन्ही लेकरांना शिकवली होती. ती कानी पडताच कळप चरणे सोडून हाकेकडे धाव घेई. परक्यासमोर ती घालू नये, चोर त्याच हाकेने मेंढरे पळवतात, अशी त्यांची सक्त ताकीद होती.

तीन वर्षांपूर्वी जुने आवाज जपणाऱ्या एका संस्थेतून स्वप्ना नावाची तरुणी घाटनांदूरला आली. मातीत मांडी घालून तिने सटवांच्या ओव्या ऐकल्या. साठ वर्षांत इतक्या मानाने त्यांना कोणी ऐकले नव्हते. त्या भरात त्यांनी ती हाकही घातली. हा आवाज इंटरनेटवर राहील व कोणालाही वापरता येईल, हे स्वप्नाने समजावून सांगितले. सटवांनी होकार दिला. मात्र धाकटी बहीण अंजना हिला विचारले नाही. तिचा कळप त्याच हाकेवर चालत होता.

पुढे एका संगीतकाराने संग्रहातील ती हाक लग्नात नाचण्याच्या गाण्यात घातली. स्वप्नाने फोनवर गाणे ऐकवले, तेव्हा सटवांची छाती फुगली होती.

यंदा वैशाखात गेवराईजवळ हमरस्त्याने वरात निघाली. डीजेवर तेच गाणे लागले आणि रानात चरणारा अंजनाचा कळप थेट रस्त्यावर धावला. सहा मेंढ्या ट्रकखाली गेल्या.

वरातीत कोणते गाणे वाजत होते ते कळताच सटवा भेटायला गेले.

"दादा, माझाच डोळा लागला बघ," अंजना रडत म्हणाली. "लिंबाखाली टेकले अन् घात झाला."

गप्प राहणे सोपे होते. सटवांनी हातातला तांब्या न पिताच खाली ठेवला.

"तुझा डोळा न्हाई गं. वरातीतल्या गाण्यात आबाची हाक हाय. मीच दिलती, शहरातल्या एका पोरीला."

"कावून?"

"लई मानानं ऐकत होती."

"मानानं! अन् चहा पाजला असता, तर कळपच देऊन बसला असतास का?"

सटवांनी विनवल्यावर स्वप्नाने संग्रहातून हाक काढली. गाणे मात्र वाजतच राहिले. अंजनाने मेंढरांना नवी हाक शिकवायला घेतली.

श्रावणात सटवा पुन्हा गेले, तेव्हा मेंढरे शेजारच्या बाजरीकडे वळत होती.

"अगं, घाल की हाक!"

अंजना जागची हलली नाही. "आधी तू बांधापल्याड जा, दादा."

सटवांनी घोंगडी खांद्यावर टाकली. बांध ओलांडून पार पुढे जाईपर्यंत त्यांनी आपले दोन्ही कान स्वतःच्या हातांनी घट्ट दाबून धरले होते.