आज्याच्या कमरेचा पट्टा

आमच्याकडे कोयत्याशिवाय कोणी रानात जात नाही. कमरेला दोरी, दोरीला मागच्या बाजूला लाकडी आकडी आणि आकडीत कोयता. माझ्या सासऱ्यांची दोरी काथ्याची होती. ती काचायची, आणि संध्याकाळी कमरेला खोबरेल चोळताना ते तिचा उद्धार करायचे.

सरकारी बसचा भरवसा नाही, म्हणून आम्ही आईबापांनी मिळून शाळेसाठी एक जुनी गाडी ठरवली. शहरातून आलेली, सगळ्या सीटना पट्टे. बांधत कोणीच नव्हतं. ह्या वळणांच्या रस्त्यावर गाडी पळणार ती किती, असं सगळ्यांचं म्हणणं. मामंजींनी मात्र एक पट्टा हातात धरून चांगला ओढून पाहिला आणि खूश झाले.

"ह्यो जल्मात तुटायचा न्हाई," ते ड्रायव्हरला म्हणाले. "हितं नुसता लोंबकळतोय. दे की मला."

ड्रायव्हर गावातलाच, त्यांना काका म्हणणारा. त्यानं कापून दिला. नेमका त्यांच्या नातीच्या, माझ्या लेकीच्या सीटचा, कारण तोच सगळ्यांत कमी मळलेला होता. मामंजींनी कापलेली टोकं आकडीला शिवून घेतली. पुढं पोटावर चाप. मग काय, गावाला चटकच लागली. कोणी वासराला पट्टा बांधला, कोणी लाकडाच्या मोळीला.

"मामंजी, तुम्ही आता फारेस्टचे साहेब दिसताय," मी म्हटलं. ते मिशीत हसले.

माझी लेक तेव्हा दुसरीत होती. सकाळी गाडीत चढायच्या आधी आज्याच्या पोटावरचा चाप तीच लावायची. खटकन आवाज आला की टाळी वाजवायची. मग आजा रानात आणि नात शाळेत.

शाळेला जाताना गुंद गावच्या रस्त्यावर एका सकाळी गवा आडवा आला. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. गवा वाचला, गाडीही उलटली नाही. बाकीच्या पोरांना खरचटण्यावर निभावलं. माझी लेक सीटवरून उडून समोरच्या लोखंडी दांड्यावर आदळली. बेळगावच्या डॉक्टरांनी जखमा शिवल्या, पण डावा डोळा गेला.

कोणावर मनसोक्त रागावताही येत नाही, ह्याचंच मला जास्त वाईट वाटतं. त्या पोरीसाठी मामंजींनी जीव दिला असता. ते पट्टा घेऊन गाडीपाशी गेले आणि "परत शिवून बसीव" म्हणून हटून बसले. ड्रायव्हरला वर बघवेना.

"काका, शिवलेला पट्टा एका हिसक्यात सुटंल," तो म्हणाला.

आता गाडीला नवे पट्टे आहेत आणि ते लावल्याशिवाय गाडी हलत नाही. वरातीमागून घोडं, दुसरं काय.

लेक पुन्हा शाळेला निघाली त्या सकाळी मामंजी गाडीपाशी उभे होते. सवयीनं ती त्यांच्याजवळ गेली, उरलेल्या डोळ्यानं नीट दिसावं म्हणून मान वळवली आणि त्यांच्या पोटावर चाप चाचपू लागली. हाताला काथ्याची दोरी लागली.

"आजा, पट्टा कुठं हाय?"

मामंजींनी तिला उचलून सीटवर बसवलं. नवा चाप लावला, ओढून पाहिला, पुन्हा ओढून पाहिला.

"त्यो तुझा व्हता गं बाय," ते म्हणाले.